चकचकीत बिगुल

चिंचेनं पितळ घासल्याचा आंबट वास आला की पंचवीसेक वर्षांपूर्वीचं हिंगणघाटचं लग्न आठवतं आणि मला माझाच वैताग येतो. मी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचो. वरात मंडपात शिरताना लांब, दाबायच्या कळा नसलेलं बिगुल वाजवायचं होतं, म्हणून मास्तरांनी दोन पुढे ठेवली. पोचे आलेलं सुरात होतं, चकचकीत जरा चढ्या सुराचं. क्लॅरिनेटवाले म्हातारे काका म्हणाले, "पोचेवालंच घेजो बाबू. दुसरं ठेव दाढी कराले, आरसा म्हणून." मी चकचकीतच उचललं. मंडपाच्या दारात ते कुणाशी जुळेचना. मला सांभाळून घ्यायला काका क्लॅरिनेटचा जोड आत दाबून सूर चढवत राहिले आणि बाकीच्या बँडपासून तुटले. मास्तर सगळ्यांसमोर कडाडले, "काका, कान गेले काय तुमचे?" परतताना काकांनी मला हळूच विचारलं, "काऊन बे, खरंच मीच बेसूर होतो?" मी म्हणालो, "हो काका, तुमीच चुकून राह्यले होते." त्यांनी मान डोलावली. पुढच्या लग्नाला ते आले नाहीत, नंतरही कधी नाही. हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. त्यांचे कान अगदी ठीक होते.