बिब्ब्याने काळी पडलेली गाठ

"हा कॅन्सर आहे. याला हात लावायचा नाही," सिव्हिल सर्जन साहेब मला इंग्रजीत म्हणाले आणि हात धुवायला गेले.

समोर हिवरखेडची गोदा बसली होती. डाव्या दंडावर लिंबाएवढी गाठ. वरची कातडी फाटलेली, पाणी गळत होतं. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण साहेबांचा चेहरा कळला. नवरा किसन आणि सासू भागाबाई मागे उभे होते.

मी तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यात नेटिव डॉक्टर होतो. अमेरिकेत लढाई लागली आणि आमच्या कापसाला असा भाव आला, की दवाखान्यासमोरून दिवसभर गाड्या हलत नसत. किसनचंही उत्तम चाललं होतं. गोदाचं ताट मात्र घरात वेगळं झालं होतं आणि निजणं गोठ्यात.

"वंगाळ रोग असंन त सांगून द्या," भागाबाई म्हणाली. "इले तेल्हाऱ्याले माहेरी धाडून देतो. घरात लेकरं हायेत."

किसन खाली बघत राहिला. मला त्याचाच जास्त राग आला.

गाठ म्हणजे ट्यूमर. प्रत्येक ट्यूमर कॅन्सर नसतो. साधी गाठ आपल्या पिशवीत राहते, बोटाखाली सरकते. कॅन्सर शेजारच्या मांसात रुतून बसतो, कातडी फोडतो, पुढे काखेत उतरतो. गोदाची कातडी फुटली होती, काखेतही गाठ लागत होती. साहेबांनी उगाच काही म्हटलं नव्हतं.

तरी मी कडेने गाठ दाबली. ती सरकली. आणि जखमेच्या काठावर काळा डाग होता, धोबी कपड्यांवर खूण करतात तसा.

"गाठीला काही लावलं होतं का?"

"काई नाई," भागाबाई आणि किसन एकदमच बोलले.

मी दोघांना बाहेर काढलं आणि गोदाला विचारलं, "काय लावलं?"

"बिब्बा," ती दाराबाहेरच्या सासूकडे बघत म्हणाली. "आत्याबाईनं लावला. रोज लावे. म्हने, गाठ जयून जाते."

आमच्या वऱ्हाडात दुखलं-खुपलं की बिब्बा. त्याचं तेल धडधाकट कातडीही जाळतं. आणि हाताला जखम झाली की काखेत अवधाण येतंच, सुजून गाठ धरतेच; त्यासाठी कॅन्सरच असायला हवा असं नाही.

ही साधी गाठ आहे, कातडी बिब्ब्याने फुटली आहे, असं मी साहेबांना सांगितलं. "आणि तुझं चुकलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर जखम भरणार नाही. कॅन्सरची जखम अशी भरत नाही. मग आपण म्हणाल ते."

साहेब मिशीत हसले. "ठीक. बाई तुझ्या जबाबदारीवर."

गोदाला दवाखान्यातच ठेवलं. किसनला सांगितलं, "बायकोजवळ राहायचं. आणि बिब्बा आत आला, तर तू बाहेर." खोबरेल तेल आणि रोज स्वच्छ पट्टी, एवढंच औषध. जखम कडेकडेने भरत आली. अवधाण उतरलं. साहेबांनी स्वतः गाठ दाबून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि सुरी माझ्या हातात दिली.

क्लोरोफॉर्म साहेबांनी धरला. मी कातडी उघडली. पिवळी चरबीची गाठ अख्खी, पिशवीसकट बाहेर आली. "वेल डन," साहेब म्हणाले. मला अभिमान वाटला, आणि तो लपवण्याइतका मी विनयशील नाही.

टाके निघाले त्या दिवशी भागाबाईने ओसरीवर मला गाठलं.

"शिवल्यानं लागते काय हे?"

"नाही. साधी गाठ लागत नाही आणि कॅन्सरही लागत नाही. एका ताटात जेवलं तरी नाही."

"मंग कायनं होते?"

"साधी गाठ का होते ते मला ठाऊक नाही. पण तोंडाचा कॅन्सर मी पाहिला, तो बहुतेक वर्षानुवर्षं एकाच गालात तंबाखू धरणाऱ्यांचा."

भागाबाईने विचार केला आणि गालातली तंबाखू दुसऱ्या गालात घेतली. मी कपाळाला हात लावला.

"परत आली त?"

"आली तर लगेच इकडे आणायची. बिब्बा न लावता."

त्यांची दमणी बैल जुंपून दारात उभी होती. भागाबाईने वाटेसाठी बांधलेली भाकर सोडली, एकच ताटली काढली आणि गोदाला म्हणाली, "बस माय. दोघी खाऊन घेऊ. लांब जाचं हाय." गोदाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हात धुवायला उठली. किसन उगाच बैलांची शिंगं पुसत राहिला.

तेव्हापासून माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट बजावतो. आमच्या लोकांना "काही लावलं का?" असं विचारायचं नाही. "काय लावलं?" असंच विचारायचं. आणि सासूला बाहेर पाठवून.