दुपारची नोंद

जानेफळात घरोघरी इंटरनेटचं कनेक्शन देण्याचं काम मी करतो. मेहकरहून एका कंपनीची लाइन येते, गावातली जोडणी माझ्याकडे. कोणतं कनेक्शन कधी चालू होतं, किती डेटा गेला, याची नोंद आपोआप होत राहते आणि नियमाने ती ठेवावीच लागते. कोणी काय पाहिलं, काय बोललं, ते मला दिसत नाही. हे सांगून सांगून तोंड दुखलं. लोक मान हलवतात आणि नजर चुकवतात.

एकदा वडिलांच्या ओळखीचे एक काका दुकानात आले. चहा झाल्यावर म्हणाले, "सूनबाई मोबाइललेच चिकटून राह्यते. काय पाह्यते, थे पाहून सांग मले."

"तसं दिसत नाही, काका."

"मंग काय दिसते?"

पोलिसांचं पत्र आल्याशिवाय नोंद कोणाला दाखवायची नाही, हे मला पाठ होतं. पण काका उठायला तयार नव्हते आणि मला जेवायला घरी जायचं होतं. मी नोंद उघडली. त्यांची शंका मिटावी म्हणून म्हणालो, "काही नाही काका. रोज एक ते तीन चालू असते. डेटा बराच जाते, व्हिडिओ असतील. बाकी दिवसभर बंदच."

काका लगेच उठून गेले. एक ते तीन त्यांच्या घरचे सगळे वावरात असतात, सून एकटीच घरी असते, हे नंतर माझ्या ध्यानात आलं.

आठ दिवसांनी सून पिशवीत राउटर घेऊन आली. "मामाजींनी बंद कराले सांगितलं," म्हणाली. बसली नाही. "दुपारचं तुम्हीच सांगितलं नं, भाऊ?"

मी हो म्हणालो.

"बीएचं शेवटचं वर्ष होतं माझं. दुपारी लेक्चर पाहत होती. पास झाल्यावरच घरी सांगणार होती."

"मी काकांना समजावतो."

"आता काही सांगू नका. तुम्ही सांगितलं तं त्यांचा संशय अजून वाढते."

तरी मी गेलो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अभ्यासच होता, तं लपवून काऊन केला मंग?" याचं उत्तर तिनं द्यायचं होतं, मी नाही. ते वर्ष तिचं वाया गेलं. पुढच्या वर्षी माहेरी, हिवरा आश्रम या गावी राहून तिनं पेपर दिले. ती पास झाल्याचं काकांनीच मला बसस्टँडवर सांगितलं, थोड्या अभिमानानंही. कनेक्शनचा विषय त्यांनी काढला नाही. ती मात्र रस्त्यात दिसली तरी माझ्याशी बोलत नाही.

मागच्या आठवड्यात एक जण आपल्या मुलीची नोंद मागायला आला. मी नाही म्हणालो. "लय कायद्याचा झाला तू," म्हणत तो चिडून गेला. त्याला थांबवून समजावण्याइतका जीव माझ्यात उरला नव्हता.