मोगादिशूचं कापड

नव्या चादरीची घडी मोडताना खळीचा वास आला आणि मी एकोणीसशे तीसच्या सुमाराच्या सोलापुरात, आमच्या मुलींच्या शाळेत जाऊन बसले.

भूगोलाच्या बाईंनी आफ्रिकेचा नकाशा टांगला होता. पुस्तकात होतं, तिथल्या लोकांना ना इतिहास, ना कला. बाईंनी ते वाचलं, पुस्तक मिटलं आणि एक पट्ट्यापट्ट्यांचं कापड वर्गात फिरवलं. बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या भावाने ते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोगादिशू बंदरातून आणलं होतं.

आम्ही विणकर, घरात तेलुगू बोलणारे. मराठी चुकेल म्हणून मी वर्गात गप्प असे. पण हाती कापड येताच सवयीने काठ उलटून पाहिला.

"काय दिसतंय गं?" बाईंनी विचारलं.

"बाई, हे आमच्या वडलांसारखं हातमागावर विणलंय. विणणारा लई हुशार हाय की."

कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "मग पुस्तकातलं खरं, की हातातलं?"

"हातातलं," मी म्हणाले.

बाईंना तरी त्या खंडाची कितीशी माहिती असेल, असं आता वाटतं. पण त्या दिवशी घरी जाऊन मी मागाशेजारी बसले आणि वडलांना पहिल्यांदाच विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? दिवेलागणीपर्यंत ते सांगत होते.