गाण्यामागची गोष्ट मंदारलाच विचारतात

बँड जुना झाला की गाण्यांपेक्षा गाण्यांमागचे किस्से जास्त होतात. आमची गाणी डझनभर असतील-नसतील, किस्से मात्र गाडीच्या डिकीत मावणार नाहीत एवढे साठलेत. कार्यक्रम संपला की लोक स्टेजपाशी येतात, सेल्फी काढतात आणि विचारतात, "हे गाणं सुचलं कसं?"

विचारतात कुणाला? मंदारला. कारण मंदार गातो, गाणी लिहितो, आणि चाळिशी उलटली तरी त्याचे केस जागेवर आहेत. मी बेस गिटार वाजवतो. मला विचारतात, "दादा, वॉशरूम कुठेय?"

मी अवी. बँडचं नाव 'मिठागर'. खारघरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही चौघांनी सुरू केला. मंदार, लीड गिटारवर तुषार, ड्रम्सवर इम्तियाज आणि मी. जुन्या विलायती रॉकवाल्यांच्या गोष्टी वाचून बिघडलेली पोरं. ते लोक म्हणे हॉटेलच्या खिडकीतून टीव्ही फेकायचे. आमची प्रॅक्टिस तुषारच्या नेरुळच्या घरी चालायची आणि तिथे खिडकीला ग्रिल होतं.

मी जळतो का? जळतो. पण एकटा नाही. आमच्याकडे प्रत्येक जण दुसऱ्यावर जळतो, आणि निम्मी गाणी त्यातूनच आलीत.

*

'वरचा मजला' हे आमचं सगळ्यात गंभीर गाणं. 'वरच्या मजल्यावर कोणी चालते, खाली माझी झोप उडते.' लोक डोळे मिटून ऐकतात. कुणाला त्यात देव दिसतो, कुणाला मरण.

खरं सांगतो. मंदार तेव्हा सीवूड्सला भाड्याने राहायचा आणि त्याच्या डोक्यावर राहायचे पाटीलकाका. काका पहाटे उठून लाकडी चपला घालून घरभर फिरायचे. कोणीतरी ॲक्युप्रेशरचं सांगितलं होतं. मंदारने सोसायटीत तक्रार केली, सेक्रेटरी म्हणाला, "चालण्यावर बंदी नाही घालता येत." मग मंदारने गाणं लिहिलं.

एकदा वाशीच्या कार्यक्रमानंतर एक बाई पाणावलेल्या डोळ्यांनी त्याला भेटायला आल्या. म्हणाल्या, "माझे वडील गेल्यापासून मला हेच वाटतं. वर कोणीतरी चालतंय." मंदारने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, वरचा सगळं ऐकत असतो."

मी मागे वायर गुंडाळत होतो. गुंडाळत राहिलो.

पुढच्या कार्यक्रमाला खुद्द पाटीलकाका आले. मंदारचा चेहरा उतरला. काकांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं, स्टेजजवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आमची ही गेल्यापासून मला पण पहाटे झोप नाही रे. तुला कसं कळलं?"

त्या दिवशी मंदारने नुसती मान खाली घातली. मला बरं वाटायला हवं होतं. पण नाही वाटलं. साला तक्रार करायला बसला तरी त्याच्या हातून असं काहीतरी होऊन जातं.

*

तुषारचे वडील साताऱ्याकडून येऊन वाशीच्या मार्केटमध्ये मसाल्याच्या धंद्यात उभे राहिले. पोरगं गिटार वाजवतं याचं त्यांना दुःख नव्हतं. दुःख हे होतं, की सोलो सुरू झाला की मंदार मध्येच गायला लागतो. "माझ्या पोराच्या बोलण्यात ते का तोंड घालतंय?" असं ते घरात विचारायचे.

त्यांचं बरोबर होतं. तुषारच्या सोलोला टाळ्या पडायला लागल्या, की मंदारचा पुढचा अंतरा दोन ओळी आधीच सुरू व्हायचा. विचारलं तर म्हणायचा, "फील आला रे."

'ओहोटी' या गाण्याचं आम्ही लाइव्ह रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. त्या दिवशी तुषार साऊंडवाल्याशी काहीतरी हळू आवाजात बोलून आला. गाणं सुरू झालं. सोलो सुरू झाला. मंदारला फील आला. तो डोळे मिटून, मान मागे टाकून पूर्ण अंतरा गायला. माईक बंद होता. स्पीकरमधून फक्त तुषारची गिटार रडत होती.

रेकॉर्डिंग ऐकून मंदार खवळला. तुषार शांतपणे म्हणाला, "तू गा की निवांत. कोण नको म्हणतंय?"

बँड तुटायचाच होता. पण तेच रेकॉर्डिंग बाहेर पडलं आणि लोकांना भलतं आवडलं. एकाने मुलाखतीत विचारलं, "दुसऱ्या अंतऱ्याला शब्दच नाहीत, ही कल्पना कुणाची?"

मंदार म्हणाला, "काही दुःखांना शब्द नसतात."

तुषारने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

*

इम्तियाज उरणकडचा. त्याची अम्मी आमच्या कार्यक्रमांना फारशी यायची नाही. एकदा उरणलाच कार्यक्रम होता म्हणून आली आणि पहिल्या रांगेत बसली. शेवटी आयोजकांनी शाल आणि हार आणला. एकच हार. तो अर्थातच मंदारच्या गळ्यात पडला. मंदारने तो काढून आमच्यापैकी कुणाला दिला असता तर आभाळ कोसळलं नसतं. नाही दिला. घातलेल्या हारासकट फोटो काढत राहिला.

इम्तियाज घामाने निथळत होता. अम्मीने आयोजकांना गाठलं आणि सरळ विचारलं, "घाम सगल्यात जास्ती माज्या पोराचा, नि हार त्या गानाऱ्याला? ह्यो कुटला न्याय हाय?"

आयोजक हसले. अम्मी हसली नाही.

पुढचा कार्यक्रम बेलापूरला होता. अम्मी पुन्हा आली, हातात पिशवी. आमचं पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी ती स्टेजवर चढली. आम्हाला वाटलं, पोराला काहीतरी खायला आणलंय. तिने पिशवीतून झेंडूचा भलामोठा हार काढला आणि मोठ्या ड्रमला घातला. मग खाली उतरून जागेवर बसली.

कार्यक्रमभर इम्तियाजच्या प्रत्येक ठोक्याला झेंडूच्या पाकळ्या उडत होत्या. सगळे मोबाईल ड्रमकडे वळलेले. मंदार पुढे उभा राहून गात होता आणि कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं.

मी आयुष्यात इतकं मन लावून कधी वाजवलं नसेल.

*

आता माझं. मी द्रोणागिरीला एका गोदामाचं काम बघतो. दिवसभर कंटेनरचे ट्रेलर मागे येत असतात आणि मागे येताना एकाच सुरात पीं पीं करत असतात. एक दिवस दोन ट्रेलर एकदम मागे आले, एकाचा सूर वर, एकाचा खाली. तेच डोक्यात घेऊन घरी आलो आणि बेसवर वाजवलं. 'रिव्हर्स' या गाण्याची सुरुवात ती. आज लोक त्या सुरुवातीला ओरडतात. आणि नंतर तुषारला जाऊन सांगतात, "काय गिटार वाजवलीय सुरुवातीला!"

तुषार चांगला माणूस आहे. तो म्हणतो, "थँक्यू."

एकदा कार्यक्रमाच्या दिवशी मला सणकून ताप आला. मंदारला फोन केला. मला वाटलं, कार्यक्रम रद्द करतील. तो म्हणाला, "अरे, टेन्शन नको घेऊस. आम्ही सांभाळून घेऊ." हे 'सांभाळून घेऊ' मला तापापेक्षा जास्त चढलं.

पांघरुणात पडून मी फोनवर कार्यक्रम लाइव्ह बघितला. चांगला चालला होता. मंदार हसत होता, लोक नाचत होते. मुलगी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही तरी गाणी तशीच वाटतायत." लहान होती, मारता येत नव्हतं.

मग खाली एकाची कमेंट आली. 'आज साऊंड पोकळ वाटतोय, काय झालं?' त्याखाली दुसऱ्याची. 'हो रे, पोटात काही लागतच नाहीये.'

बेस कानापेक्षा पोटात लागतो. मी उठून बसलो. बायकोला हाक मारली आणि म्हटलं, "भूक लागलीय." ताप त्याच रात्री उतरला.

*

मंदारला जळताना बघायचं सुख मला एकदाच मिळालं. उलव्याच्या कॉलेजातल्या मुलांनी आमचं 'वरचा मजला' त्यांच्या पद्धतीने गाऊन टाकलं. गच्चीवर उभी राहून गात होती, डोक्यावरून विमान गेलं तेव्हा थांबली, हसली आणि तिथूनच पुढे गायली. आमच्या मूळ गाण्यापेक्षा त्यांचं कितीतरी जास्त लोकांनी बघितलं.

मंदार आठवडाभर मला रोज फोन करत होता. "सूर लागलाय का त्या मुलाचा? तू प्रामाणिकपणे सांग."

सूर लागला होता. मी म्हटलं, "लागलाय रे थोडा."

शेवटी न राहवून त्याने त्या व्हिडिओखाली मोठ्या मनाने लिहिलं, 'छान प्रयत्न. असेच गात राहा.'

तासाभरात त्या गाणाऱ्या मुलाचं उत्तर आलं. 'थँक्यू काका! तुम्ही पण गाता का?'

*

राहिलं एक. 'पुलावरची हवा.' आमचं एकमेव प्रेमाचं गाणं आणि सगळ्यात जास्त मागणी असलेलं. हे कुणावर लिहिलं, हे मंदारला प्रत्येक कार्यक्रमानंतर विचारतात, आणि प्रत्येक वेळी त्याचं उत्तर वेगळं असतं. कधी म्हणतो बायकोवर, कधी म्हणतो खाडीवर. एकदा तर म्हणाला, सगळ्या मुलींवर. आम्हीही कधी खोदून विचारलं नाही.

माझ्या बायकोचं नाव स्नेहा. आमचं लग्न रीतसर स्थळ सांगून झालं. बघायला गेलो तेव्हा कळलं, की ती आमच्याच कॉलेजची, एक वर्ष मागे. मला केवढा आनंद झाला होता. म्हटलं, हिने आपल्याला स्टेजवर बघितलं असणार. तिला विचारलं तर म्हणाली, "हो, मिठागर माहीत होतं ना." लग्नानंतर ती जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाला आली. पहिल्या रांगेत, माझ्या बाजूला जरा डावीकडे. माझ्या बाजूला म्हणजे, मंदार आणि मी यांच्या मधोमध.

या वर्षी कॉलेजात जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. रविवारची संध्याकाळ, मैदानात स्टेज, समोर टक्कल पडलेली आमचीच बॅच. 'पुलावरची हवा' शेवटी ठेवलं होतं. पहिला अंतरा झाला. दुसरा सुरू झाला. त्यातल्या ओळी इतक्या ओळखीच्या आहेत, की लोक त्याच्याबरोबर म्हणतात:

'हाक मी किती मारत राहिलो,
म्हणालीस, ऐकू आलीच नाही.'

त्या दिवशी मंदार तिथे अडला. विसरला. माईकसमोर तोंड उघडं आणि आवाज नाही. समोरचे लोकही थांबले, त्यांना वाटलं मुद्दाम थांबलाय. इम्तियाज ठेका धरून राहिला, मी तेच चार सूर फिरवत राहिलो. स्टेजवर असे क्षण फार लांब वाटतात.

आणि पहिल्या रांगेतून स्नेहा म्हणाली. गायली नाही, नुसतं म्हणाली, नाटकात आतून विसरलेलं वाक्य सांगतात तसं:

"समोरची बस तू जाऊ दिलीस, म्हणालीस, बस आलीच नाही."

ही ओळ आमच्या गाण्यात नाही. रेकॉर्डिंगमध्ये नाही, प्रॅक्टिसमध्ये नाही, मी कधीच ऐकलेली नाही. चाल मात्र तीच, मात्रा चोख.

मंदारने तिच्याकडे पाहिलं. आणि मग गायला. तीच ओळ. एकदा नाही, पुन्हा घेऊन गायला. इम्तियाजचा ठोका चुकला. इतक्या वर्षांत मी त्याचा ठोका चुकलेला ऐकला नव्हता. तुषार माझ्याकडे बघत नव्हता, गिटारकडे बघत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "लाइव्हला शब्द बदलले, भारी."

कार्यक्रमानंतर मंदार भोवतीच्या लोकांशी हसून बोलत होता. या वेळी गोष्ट विचारली तर म्हणाला, "आज घसा बसलाय, नंतर." मी बेस बॅगेत भरली, ॲम्प डिकीत ठेवला. स्नेहा आधीच गाडीत बसली होती.

गाडी सायन-पनवेल हायवेला लागली. मग मी म्हटलं, "ती ओळ कुठली?"

"मूळ तीच होती," ती म्हणाली. "तुम्हा तिघांना ऐकवायच्या आधी त्याने बदलली."

"का बदलली?"

"ते त्याला विचार."

मी गाडी चालवत राहिलो. सीबीडीचा सिग्नल लागला. समोरून एक बस वळून गेली. रिकामीच होती.

मी विचारलं, "आणि बस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "बस खरंच आली नव्हती."