कांद्याच्या चाळीत डिस्कची पेटी

नाशिकला इंदिरानगरच्या फ्लॅटमधली तिसरी खोली आधी पाहुण्यांची होती, मग ती डिस्कची झाली. पलंग भिंतीला उभा लागला, त्याच्या जागी लोखंडी रॅक आला आणि रॅकवर एकेक करत हार्डडिस्क वाढत गेल्या. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवरची नोकरी सोडून घरून भाषांतराची कामं करत होतो. दिवसभर संगणकासमोर बसलेल्या माणसाला आणखी एक संगणक चालवणं जड वाटत नाही. सुरुवात तशी झाली.

बहुतेक क्रिप्टो चलनांत संगणकाला अखंड आकडेमोड करावी लागते आणि वीज अफाट जाते. मी धरलेल्या चलनाची रीत वेगळी होती. त्यात डिस्कवरची मोकळी जागा कामाला लावायची. एकदाच मोठी आकडेमोड करून अवजड फायली तयार करायच्या आणि डिस्क काठोकाठ भरून ठेवायच्या. जगभरातल्या अशा सगळ्या डिस्कना थोड्या थोड्या वेळाने एक प्रश्न विचारला जातो. ज्याच्या फायलीत उत्तर सापडतं आणि जो ते वेळेत कळवतो, त्याला नाणं मिळतं. जागा जितकी जास्त तितकी शक्यता जास्त. त्यामुळे काम दोनच: डिस्क थंड आणि फिरत्या ठेवायच्या, आणि जमेल तशा वाढवायच्या. या मंडळींच्या बोलीत त्या फायलींना प्लॉट म्हणतात आणि सगळ्या उद्योगाला शेती.

लासलगावच्या बाजूला आमची खरी शेती आहे. ती थोरले बंधू आणि वहिनी पाहतात. दादाला मी हा प्रकार समजावून सांगितला तेव्हा त्याने तो पूर्ण ऐकून घेतला.

“आमच्या प्लॉटला सातबारा असतो,” तो म्हणाला. “तुझ्या प्लॉटला काय असतं?”

“पासवर्ड.”

“मंग बांधावरून भांडायचं कुणाशी?”

पुढे मी जुनी, पण मोठी पेटी घेतली. एखाद्या कंपनीच्या सर्व्हरच्या खोलीतून मोडीत निघालेली. तिच्यात डिस्कच्या रांगा बसत, मागे पंख्यांची ओळ होती. ते पंखे घरासाठी बनवलेलेच नव्हते. दार लावलं तरी आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. “त्यापेक्षा पिठाची गिरणी लावली असती, तर निदान दळण तरी मिळालं असतं,” असं बायको म्हणाली, आणि नंतर ते वाक्य पाहुण्यांनाही ऐकवत राहिली. त्या चैत्रात खोली भट्टीसारखी तापली. डिस्कचं तापमान दाखवणारे आकडे लाल व्हायला लागले. एसी लावला की विजेचा ताळमेळ बसेना, बंद केला की डिस्क मान टाकायच्या.

गावाकडे त्याच सुमारास गारपीट झाली होती. शेतातला कांदा भिजला. भिजलेला कांदा टिकत नाही, म्हणून दादाने तो काढल्या काढल्या बाजारसमितीत नेऊन विकला. चाळ मोकळी राहिली.

“तुझ्या पेटीला वारा पाहिजे ना?” दादा फोनवर म्हणाला. “मंग चाळीत आणून ठेव की. चाळीपरीस वारा कुठं हाय? यंदा रिकामीच हाय लेकाची.”

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. कांद्याची चाळ म्हणजे वारा खेळवण्यासाठीच बांधलेली इमारत. जमिनीपासून उंच उचललेला तळ, तळाला आणि बाजूंना फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, वर पत्रे. आमची चाळ दक्षिणोत्तर बांधलेली आहे, त्यामुळे पश्चिमेचा वारा आडवा शिरून पलीकडे निघून जातो. घरातलं वायफाय तिथपर्यंत पोचत होतं, घरच्या इन्व्हर्टरची वायर ओढता येत होती. शहरात बसून एवढी थंड, हवेशीर जागा मिळाली नसती.

चाळ मात्र पूर्ण रिकामी नव्हती. एका कप्प्यात वहिनीचा बियाण्याचा कांदा होता, गारपिटीआधी काढलेल्या वाफ्यांतून निवडलेला.

आमच्या घरात कांद्याचं बी कधी विकत आणलेलं नव्हतं. दरवर्षी काढणीच्या वेळी वहिनी ढिगातून कांदे निवडते. आमच्या वाणाला आत एकच गाभा असतो; त्यातले मध्यम आकाराचे, बारीक मानेचे, गडद रंगाचे. ते वेगळे ठेवायचे, दिवाळीच्या आसपास पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना फुलांचे गोंडे येतात, गोंड्यांतून काळं बी मिळतं. आमच्याकडे त्या बियाला उळं म्हणतात. ही निवड आधी आई करायची, तिच्या हाताखाली वहिनी शिकली. उळं फार टिकत नाही, वर्षभरात त्याची उगवण मरते. त्यामुळे ते साठवून ठेवण्यात अर्थ नसतो, दरवर्षी नवं धरावं लागतं. त्या वर्षी गारांनी गोंडेही झोडपले होते. उळं हाती आलंच नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पूर्वी आमच्याकडून रोपं नेली होती, पण त्यांच्याकडे ती दुकानच्या वाणात मिसळून गेली होती. म्हणजे घरचा वाण तेव्हा फक्त त्या कप्प्यात होता.

वहिनीने हे पेटी ठेवतानाच सांगितलं. “भाऊजी, तुमची मशीन ठेवा, माझं काय म्हणणं नाय. पण माझ्या कांद्याचा वारा आडवू नका. तेवढाच राह्यलाय.”

पेटी शेजारच्या कप्प्यात ठेवली गेली. तापमान लगेच उतरलं. मी इंदिरानगरमधून फोनवर आकडे पाहत होतो आणि सगळे हिरवे होते. मोकळ्या जागेचा मोह आवरत नाही; महिन्याभरात आणखी डिस्क बसवल्या.

आषाढात पश्चिमेकडून वाऱ्यासोबत पाऊस यायला लागला, तो चाळीच्या फटींतून आत शिरत होता. कांद्यावर थोडे शिंतोडे उडाले तर पुढच्या वाऱ्याने ते सुकतात. पेटीचं तसं नव्हतं. मी दादाला फोन केला. दादाने शेततळ्याच्या अस्तराचा उरलेला जाड प्लॅस्टिकचा कागद काढला आणि पश्चिमेच्या बाजूने, पत्र्यापासून तळापर्यंत, दोरीने ताणून बांधला. तो कागद पाणी अडवण्यासाठीच बनवलेला असतो. पाणी थांबलं.

पहिले काही आठवडे उघडीप पडली की वहिनी कागद सोडायची आणि ढग दिसले की बांधायची. मग लेकीच्या बाळंतपणासाठी ती सिन्नरला गेली. जाताना दोघांनाही बजावून गेली, दादाला तोंडी आणि मला फोनवर. “ऊन पडलं की कागद सोडायचा. इसरायचं नाय.”

त्यानंतर काय झालं ते सरळ आहे. एकदा कागद सुटलेला असताना सर आली आणि पेटीवर पाणी उडालं. दोन डिस्क बंद पडल्या. मी दादाला विचारलं, कागद काही दिवस बांधलेलाच ठेवता येईल का. तो म्हणाला, येईल की, पाऊस कुठं थांबतोय. फोन माझा होता, दोरी त्याने बांधली. कागद नंतर सुटला नाही.

कागदाने पाण्यासोबत वाराही थांबवला होता. आतली ओल आतच राहिली, आणि पेटीचे पंखे तीच दमट, कोमट हवा फिरवत राहिले. वाऱ्यासाठी आम्ही पेटी चाळीत नेली, आणि पेटीसाठी चाळीचा वारा बंद केला. दादाने आयुष्यभर चाळी बांधल्या, भरल्या, उपसल्या. मी बातम्या तपासण्यात अर्धं आयुष्य घालवलं. दोघांच्याही हे लक्षात आलं नाही.

मला जे दिसत होतं ते पडद्यावर. डिस्क एकेक करून यादीतून गळायला लागल्या. मला वाटलं केबल सैल झाल्या असतील. एका रविवारी मी नव्या केबल आणि बदलायच्या डिस्क घेऊन गेलो. त्याच दिवशी वहिनी सिन्नरहून परतली होती.

चाळीत शिरताच वास आला. दादा म्हणाला, “उकिरड्याचा असंल.” उकिरडा चाळीच्या पलीकडच्या अंगाला, बराच लांब आहे. मी पेटी उघडली. डिस्कच्या जोडणीचे पिवळे पत्रे काळे पडले होते. सडणाऱ्या कांद्यातून निघणारी वाफ धातूला खाते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी कापडाने पुसून पाहत होतो.

वहिनी तोवर शेजारच्या कप्प्याच्या फळ्या काढून आत बसली होती. ती एकेक कांदा उचलायची, मानेवर अंगठा दाबायची आणि डाव्या हाताला टाकायची. डाव्या हाताचा ढीग वाढत गेला. काहींवर काजळी धरली होती, काहींमधून पाणी सुटलं होतं.

“कागद कधी सोडला होता?” तिने विचारलं.

दादा म्हणाला, “पाऊस लय होता या खेपेला.”

“पावसाचं नाय इचारलं मी.”

मी म्हणालो, “वहिनी, कागद माझ्या मशीनसाठी बांधला होता.”

“माहितेय ना भाऊजी. मी सिन्नरला गेले म्हंजे काय आंधळी झाले का?” तिने वर पाहिलं नाही. “तुमची चालू झाली का?”

“नाही.”

“मंग तो वारा तरी सोडा आता.”

दादाने विळ्याने दोरी कापली. कागद खाली आला आणि चाळीत उजेड शिरला. उजेडात उजव्या हाताचा, वाचलेल्या कांद्यांचा ढीग नीट दिसला. एका टोपलीचा तळ झाकेल, इतकाच.

पेटी मी त्याच दिवशी गाडीत घालून नाशिकला आणली. काही डिस्क अजून चालू शकतात. त्यांच्यावरच्या फायली शाबूत आहेत आणि लागतील तेव्हा पुन्हा बनवताही येतात. पण त्या डिस्क मी पुन्हा जोडल्या नाहीत. पाहुण्यांचा पलंग खाली आला.

दिवाळीनंतर वहिनीने वाचलेले कांदे विहिरीजवळच्या तुकड्यात लावले. ती जागा तिला पसंत नव्हती. पलीकडच्या शेतात दुसऱ्या वाणाचे गोंडे येणार होते आणि मधमाशा बांध पाहत नाहीत, वाण मिसळतो. पण पाणी आणि राखण तिथेच शक्य होती. मुख्य शेतासाठी दादाने दुकानातून बी आणलं. पिशवी त्याने ओट्यावर ठेवली, घरात आणली नाही. वहिनीने ती स्वतः उचलून आत नेली.

वसंतात गोंड्यांतून मिळालेलं उळं एका वाटीत मावलं. पुढच्या हंगामात तिने ते विहिरीजवळच वेगळ्या वाफ्यात टाकलं. मी फोन केला की दादा पिकाचं सांगायचा, वाफ्याचं सांगायचा नाही. ते विचारायला फोन वहिनीकडे मागावा लागायचा. “उगवलंय,” ती म्हणायची. “विरळ हाय.”

यंदा काढणीला मी गेलो होतो. त्या वाफ्यातले कांदे अंगणात पोत्यावर पसरले होते. रंग बरोबर वाटत होता, मानाही बारीक होत्या. दुपारी जेवायला बसताना वहिनीने त्यांतला एक आणला आणि आडवा कापला. आत दोन गाभे होते. जोडकांदा.

“पाण्याचा ताण बसला की होतं असं,” दादा म्हणाला.

“विहिरीजवळ ताण?” वहिनी म्हणाली.

दादाने भाकरी मोडली. कापलेल्या फोडी ताटात तशाच राहिल्या.

जेवण झाल्यावर ती पोत्यापाशी जाऊन बसली. एकेक कांदा हातात घेऊन, फिरवून, मानेवर अंगठा दाबून निवडायला लागली. आत काय आहे ते कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापलेला लावता येत नाही. तिने दुसरा कापला नाही. निवडलेले कांदे तिने टोपलीत भरले आणि चाळीत त्याच कप्प्यात, पश्चिमेच्या अंगाला पसरून ठेवले.