मधली चकती

कारखान्याच्या दाराला आतून कडी, बाहेरून कुलूप आणि मागच्या खिडकीला आडवी फळी. म्हणून सगळा बाजार त्याला कडीदादा म्हणायचा. आत काय सोनं गाळत होता म्हणाल, तर तेही नाही. क्रोकेच्या मोगऱ्या बनवायचा बाबा! शहराच्या टोकाला क्लब होता, त्याच्या हिरवळीवर नोकरीतून मोकळी झालेली मंडळी हा खेळ खेळायची. लांब दांड्याच्या लाकडी मोगरीने चेंडू टोलवायचा आणि जमिनीत रोवलेल्या लोखंडी कमानींतून पार काढायचा. त्या खेळाचं सगळं सामान दादा आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघं मिळून करायचे.

डोकं मात्र दादाचं, हे कबूल केलंच पाहिजे. जमीन भुसभुशीत झाली की कमानी डुगडुगायच्या. दादाने त्यांच्या पायांना खाली निमुळते होत जाणारे जाड खुंट लावले, कमानी जागच्या हलेनात. ज्यांना वाकवत नाही अशांसाठी टोकाला वाटी असलेली काठी केली, उभ्या उभ्या चेंडू उचलायला. पण त्याची खरी करामत होती मोगरी. साध्या मोगरीने टोला जरा कडेला बसला की तिचं डोकं हातात वळतं आणि चेंडू जातो भलतीकडे. दादाने डोक्याच्या दोन्ही टोकांतून आत भोकं पाडली, त्यांत शिसं भरलं आणि वरून त्याच लाकडाची बुचं बसवली. मध्ये हलकी, टोकांना जड. मोगरी वळायचं नावच घेईना, आणि बाहेरून बघणाऱ्याला काडीचा पत्ता लागेना.

कामाची वाटणी ठरलेली. दादा लेथवर डोकं घडवायचा, गिरमिटाने भोकं पाडायचा, दांड्यासाठी मधोमध खाच करायचा. पुढचं सगळं धाकट्याचं: शिसं वितळवून ओतायचं, बुचं सरसाने चिकटवायची, खाचेत दांडा ठोकून घासूनपुसून मोगरी तयार करायची. धाकट्याची बायको वारल्यापासून तो दादाच्याच घरी जेवायचा, मागच्या खोलीत झोपायचा. शिशाची गोष्ट दादाने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. जगात ती दोनच माणसांना ठाऊक, असा त्याचा हिशेब होता.

आणि एके दिवशी क्लबच्या सेक्रेटरीने त्याच्या हातात एक नवी कोरी मोगरी ठेवली. शेजारच्या शहरातल्या कारखान्याची. "बघा बरं, अगदी तुमच्यासारखीच चालते," सेक्रेटरी कौतुकाने म्हणाले. दादाने ती हातात डुलवली. मध्ये हलकी, टोकांना जड. कसाबसा "छान आहे" म्हणाला आणि घरी परतला तो डोक्यात एकच प्रश्न घेऊन. दोघांपैकी मी बोललो नाही. मग कोण?

आता एकदा मनात पाल चुकचुकली की माणसाला काय काय दिसायला लागतं! धाकटा हल्ली सुटीच्या दिवशी सकाळीच बाहेर पडायचा. कुठे जातोस विचारलं तर "जरा जाऊन येतो" एवढंच. एकदा त्याच्या खिशात बसचं तिकीट सापडलं, शेजारच्या शहराचं. बरं, दादाच्या समोर बोलताना तो तोंडावर हात धरायला लागला होता, हेही नवीनच. पाणी नक्की मुरतंय, दादाने ठरवून टाकलं. जेवताना तो ताटाऐवजी भावाकडेच बघायचा. वहिनीने दिराला जरा जास्त वाढलं तरी याच्या कपाळाला आठी.

सरळ विचारावं की नाही? छे! सरळ विचारेल तर तो कडीदादा कसला. त्याने सापळा लावला. एकदा काम चालू असताना सहज म्हणावं तसं म्हणाला, "हे बघ, बाहेर बोलू नकोस. आजपासून मी खाचेच्या तळाशी शिशाची एक पातळ चकती टाकतोय. तोल आणखी सुधारतो."

"बरं दादा," धाकटा म्हणाला.

निखालस थाप होती. मध्ये वजन घातलं की मोगरीचा होता तो गुणही कमी होतो, हे दादाला चांगलंच माहीत. त्याने एकाही खाचेत चकती टाकली नाही. चकतीची गोष्ट फक्त धाकट्याच्या कानात होती. उद्या ती त्या परक्या कारखान्याच्या मोगरीत निघाली, की चोर रंगेहाथ सापडला. दादा आपल्या हुशारीवर बेहद्द खूश होता आणि डोळ्यांत तेल घालून वाट बघत होता.

पुढच्या मोसमात त्या कारखान्याची नवी मोगरी बाजारात आली. दादाने ती गुपचूप आणवली, करवतीने उभी चिरली. खाचेच्या तळाशी शिशाची चकती!

त्याने दोन्ही तुकडे अंगणात धाकट्यासमोर आपटले. "हे काय आहे? बोल! माझ्याच घरचं खातोस आणि माझंच विकतोस?"

धाकटा तुकड्यांकडे बघतच राहिला. "दादा, मी?"

"मग दर सुटीला त्या गावात कुणाकडे जायचास? माझ्याशी बोलताना तोंड का लपवतोस?"

धाकट्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने हात खाली घेतला आणि तोंड उघडून दाखवलं. वर-खाली नवी पांढरीशुभ्र कवळी. "दात बसवायला जात होतो. सगळे पडले होते रे. इथल्या डॉक्टरकडे गेलो असतो तर बाजारभर झालं असतं, लोक हसले असते. माझी मलाच लाज वाटायची."

दुसरा कोणी असता तर तिथेच खजील झाला असता. दादा म्हणाला, "दातांना एवढ्या खेपा लागतात होय? मला शेंड्या लावू नकोस."

वहिनी मध्ये पडली, तर तिला गप्प बसवलं. धाकट्याने मागच्या खोलीतून कपड्यांची पिशवी घेतली, वहिनीला वाकून नमस्कार केला आणि तो निघून गेला. दादाने त्याच्यामागे दाराला कडी घातली.

त्यानंतर दोघांचं काम एकट्याच्या गळ्यात पडलं. शिसं ओतताना हात भाजून घ्यायचा, दांडे तिरपे बसायचे. बायको कामापुरतंच बोलायची. अशात क्लबकडून एक मोगरी दुरुस्तीला आली, दांडा सैल झालेली. धाकटा घरी असताना बनवलेलीच. दादाने दांडा उपटून डोकं उलटं केलं, तर त्यातून टपकन काहीतरी खाली पडलं.

शिशाची चकती.

हे कसं शक्य आहे? त्याने फळीवरची तयार मोगरी काढली, तिचा दांडा ठोकून बाहेर काढला. तिच्यातही चकती. तिसरीतही. आपण तर एकही टाकली नव्हती! चकती मुठीत घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. "ही काय भानगड आहे? तुला काही ठाऊक आहे?"

बायकोने चकतीकडे एकदा पाहिलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

"आहे ठाऊक. भाऊजींनी सांगितलं होतं. म्हणाले, वहिनी, दादा चकती टाकतो म्हणतो आणि टाकायला विसरतो. एकही खाच भरलेली नसते. वय होतंय त्याचं. मी मागून टाकून देतो, पण त्याला बोलू नकोस, उगीच मनाला लावून घेईल." मग ती नवऱ्यावर उखडली. "मला काय माहीत ती चकती कशाची ते! तुम्ही मला कधी काही सांगितलंत?"

दादाने चकती ओट्यावर ठेवली.

"मग त्या कारखान्याला कसं कळलं?" त्याने विचारलं, पण आवाजात जोर नव्हता.

"अहो, दाराला कुलूप लावता आणि मोगरी दुकानात विकता! विकत घेणाऱ्याकडे करवत नसते का? तुम्ही त्यांची चिरलीत, त्यांनी तुमची चिरली."

एवढं साधं होतं ते. डोंबल त्या हुशारीचं! परक्यांनी दादाची मोगरी जशीच्या तशी उतरवली होती, त्याच्या थापेसकट. आणि ती थाप मोगरीत गेली होती ती केवळ धाकट्याने भावाचा शब्द खरा मानला म्हणून. आयुष्यभर जो माणूस आपलं झाकत आला, त्याचेच आपण उघड्यावर वाभाडे काढले, हे आता दादाच्या डोक्यात शिरलं. तो लहान मुलासारखा रडला. बायको म्हणाली, "इथे रडून काय उपयोग? जा आणि त्यांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बसने निघाला. धाकटा कुठे आहे हे त्या शहरात शोधायला फार लागलं नाही. ज्याला मोगऱ्यांखेरीज काही येत नाही, तो पोटासाठी कुठे जाणार? त्या कारखान्यातच होता तो. दार सताड उघडं होतं. धाकटा खाली मान घालून दांडा घासत होता.

"दादा!" तो उठून उभा राहिला. स्टूल पुढे सरकवलं, पाणी आणून दिलं. मग धाकट्यानेच विचारलं, "घरी सगळं ठीक? बरं झालं आलास. हे लोक रोज मला विचारतात, ती मधली चकती कशासाठी रे? त्यांना काही फायदा दिसत नाही. मी म्हणतो, माझ्या भावाने घातलीय म्हणजे काहीतरी कारण असणारच. पण मलाही उमगलं नाही कधी. कशासाठी होती?"

दादाने पाण्याचा पेला खाली ठेवला. खोटं बोलता आलं असतं. तोलाचं काहीतरी सांगितलं असतं तर धाकट्याने मान डोलावून ऐकलंही असतं.

"कशासाठीच नव्हती," तो म्हणाला. "तू माझं गुपित विकतोस असं मला वाटत होतं. तुला पकडायला थाप मारली होती."

घासायचा कागद धाकट्याच्या हातात तसाच राहिला. दादा घाईघाईने बोलत सुटला: चुकलं माझं, तुझी वहिनी वाट बघतेय, मागची खोली तशीच ठेवलीय, चल घरी.

धाकट्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, नीट, बारकाईने. इतक्या वर्षांत भावाकडे त्याने असं कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने बाकावरची अर्धवट झालेली मोगरी उचलून आपल्या मागे ठेवली.

"दादा, खरं सांग," तो हळू आवाजात म्हणाला, "मला न्यायला आलायस, की इथलं काम बघायला?"

"तुला न्यायला रे," दादा म्हणाला.

धाकट्याने ऐकून घेतलं, पण त्याला ते खरं वाटलं नाही.