चहाच्या पुड्याचा हिरवा

शिकागोच्या विमानतळाबाहेर पडलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि आकाश शाईचा ब्रश धुतलेल्या पाण्यासारखं दिसत होतं. मी पुण्यात छापखाना चालवतो. त्यामुळे कुठेही गेलो की आधी रंग दिसतात, माणसं मागाहून. इथे बघायला रंगच नव्हता. रस्ता करडा, कडेला ढकललेलं बर्फ करडं, गाड्यासुद्धा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या पाण्याने करड्या झालेल्या. उन्हाळ्यात येऊन या देशाचं कौतुक करणाऱ्यांना एकदा डिसेंबरात पाठवायला हवं.

न्यायला पुतणी आली होती. सायली शिकागोच्या एका उपनगरात, नेपरव्हिलला राहते. तिच्या ड्राइव्हवेवर (घरापुढे गाडी लावायच्या फरसबंद तुकड्यावर) मी उतरताक्षणीच घसरून बसलो.

"काका! लागलं का? मी सांगितलं होतं ना, शूज चेंज करा म्हणून!"

कंबर चोळत मी आत गेलो. जेवायला तिने वरणभात केला होता. तिची दहा वर्षांची मुलगी माझ्याकडे कुतूहलाने बघत होती. मी मराठीत विचारत होतो, ती इंग्रजीत उत्तरं देत होती, आणि दोघांचंही छान चाललं होतं.

मी आलो होतो कॉलिनसाहेबांसाठी. ते माझे पहिले साहेब. लीड्सच्या एका बेकरीवाल्याचे चिरंजीव. लंडनमध्ये नाटकांची पोस्टरं करून नाव काढलं, मग मुंबईच्या एका जाहिरात कंपनीत क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणून तीन वर्षं आले. मी तिथे अक्षरं कापून चिकटवणारा साधा आर्टिस्ट होतो. एका चहाच्या पुड्याची छपाई चालू असताना, कंपनीच्या बड्या लोकांसमोर, मी बोलून गेलो, "साहेब, हिरवा पिवळा पडलाय." सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की नोकरी गेलीच म्हणून समजलो. साहेबांनी मशीन थांबवलं. त्यानंतर मुंबईत असेपर्यंत त्यांनी मला विचारल्याशिवाय एकही शीट पास केली नाही. पुढे ते न्यूयॉर्कला गेले, मोठे झाले. २००१ नंतर तिथलं काम आटलं, कंपनीने त्यांचा विभागच बंद केला आणि ते लेकीजवळ शिकागोला आले. आता त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामाचं पुस्तक निघत होतं. पत्रात लिहिलं होतं, 'ये, पण याच आठवड्यात ये. पुस्तक मशीनवर असेल.' म्हातारपणी सोबत हवी असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सायलीने मला स्टेशनवर सोडलं. तासाभराने शहरात उतरलो, बस धरली आणि नको त्या स्टॉपवर उतरून शहराला लागून असलेल्या अफाट तळ्याच्या वाऱ्यात वीस मिनिटं चाललो. नाक आहे की गळून पडलं, ते चाचपून बघावं लागत होतं.

साहेबांनी दार उघडलं. बहात्तर वर्षांचा, काठीसारखा वाळलेला माणूस. एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात हिरवा. कलाकार माणूस, म्हणून मी हसलो. त्यांनी दुधाचा चहा केला, टोस्टवर डब्यातल्या घेवड्याच्या बिया वाढल्या आणि त्यावर मी आणलेली शेंगदाण्याची चटणी दोघांनी सढळ हाताने पेरली. खिडकीबाहेर तळं होतं, पण पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं.

मी पेटीत जपून ठेवलेला तो चहाचा पुडा आणला होता. गवती चहाच्या पातीसारखा हिरवा, अजून तसाच. साहेबांनी तो खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"उद्या छापखान्यात येताना हा बरोबर आण," म्हणाले आणि पुडा माझ्या हातात परत दिला.

छापखाना शहराबाहेर, गोदामांच्या रांगेत होता. शाईचा वास आला आणि मला पहिल्यांदा परक्या देशात बरं वाटलं. मशीनमनचं नाव स्टॅन. माझ्याच वयाचा, नखांत माझ्यासारखीच शाई. त्याने शीट दिव्याखाली पसरली. मधोमध आमचा चहाचा पुडा.

हिरवा मेला होता. शेवाळ वाळल्यावर होतं तसा, तपकिरीकडे झुकलेला.

साहेबांनी भिंग लावलं. बराच वेळ वाकून पाहिलं. मग सरळ झाले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"हाच," म्हणाले. "मुंबईचा हिरवा. अगदी हाच."

निळा-हिरवा मोजा, खिडकीशी धरलेला पुडा, सगळं एकदम ध्यानात आलं. या माणसाला रंग दिसत नाहीत. स्टॅनलाही कळलं होतं. तो साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"काय रे, श्रीधर?" साहेबांनी विचारलं. "ठीक आहे ना?"

पुडा कोटाच्या खिशात होता. बाहेर काढून शीटवर ठेवला असता तर काम झालं असतं. पण चारचौघांत वडीलधाऱ्या माणसाला खोटं पाडायचं नाही, हे आमच्या हाडीमांसी मुरलेलं. पंचविशीत मी बोलून गेलो होतो. पन्नाशीत शहाणा झालो होतो.

"ठीक आहे, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी शीटवर सही केली. स्टॅनने खांदे उडवले आणि मशीन सुरू केलं. दिवसभरात अशा सोळा शीट आल्या. काही बऱ्या होत्या, काही नव्हत्या. प्रत्येकीला त्यांनी मला विचारलं आणि प्रत्येकीला मी मान डोलावली. निरोप घेताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. त्यांचा मान राखला, याचं मला समाधान वाटत होतं. खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटला.

पुण्यात परतलो. ऊन, धूळ, कागदाचे गठ्ठे, कामगारांच्या रजा, सगळं पूर्ववत सुरू झालं. मार्चमध्ये पार्सल आलं. जाड, देखणं पुस्तक. आमचा पुडा चौसष्टाव्या पानावर होता, तपकिरी. मी कपाटातून खरा पुडा काढून शेजारी ठेवला आणि बघवेना म्हणून पानं उलटत शेवटाकडे गेलो. तिथे बारीक टायपात आभार होते. खाली साहेबांची एक ओळ:

'माझी नजर गेल्यावर या पुस्तकातला प्रत्येक रंग श्रीधर खाडिलकर यांनी तपासला. चूक असती तर ते बोलले असते.'

मी खुर्चीत बसून राहिलो. सोबतीला नव्हतं बोलावलं त्यांनी मला.

पुस्तकात चिठ्ठी होती. कसं झालंय ते कळव, एवढंच विचारलंय. अजून उत्तर लिहिलेलं नाही.